घराबाहेरील फर्निचरची निगा : कोल्हापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगण, ओसरी, गच्ची, बाग किंवा शेतावरचे घर येथे ठेवलेल्या खुर्च्या, बाके, झोपाळे आणि टेबले यांच्याविषयी आमच्या दुरुस्तीच्या कामात लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच अनुभव आहे, तो आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडे कुजून किंवा गंजून आलेल्या वस्तूंपैकी बहुतेक वस्तूंचे नुकसान अंगावर पडलेल्या पावसाने झालेले नसते. पडलेले पाणी जेथून निघून जाऊ शकले नाही, तेथून ते सुरू झालेले असते.

कोल्हापुरात बाहेरचे फर्निचर इतक्या लवकर का खराब होते? येथे समुद्राची खारी हवा तर नाही.

खारी हवा नाही, हे आपले भाग्यच आहे; कोकणात वर्षभरात जेवढा गंज चढतो, तेवढा येथे चढायला अनेक वर्षे लागतात. येथील अडचण ऋतूंच्या टोकांची आहे. चैत्र-वैशाखात गच्चीवरचे लाकूड तापून आकसते आणि त्याला बारीक भेगा पडतात. मग वळवाची एखादी जोरदार सर येते आणि त्या भेगांत पाणी भरते. पुढे मृगापासून सप्टेंबर अखेरपर्यंत हवेतला ओलावा इतका असतो, की आत शिरलेले पाणी बाहेर पडायला सवडच मिळत नाही. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिले, की कुजवणाऱ्या बुरशीला ते मानवते.

शहरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जिल्ह्याच्या पश्चिमेला तो झपाट्याने वाढतो आणि गगनबावड्याला त्याच्या कितीतरी पट होतो. पन्हाळ्यावर पाऊस थांबला तरी धुके विरत नाही. त्यामुळे हातकणंगल्याच्या बाजूला जे बाक दहा वर्षे टिकते, तेच बाक पन्हाळ्यावर किंवा राधानगरीकडे तितके टिकेल, अशी अपेक्षा धरू नये. पावसाळी वारा नैऋत्येकडून येत असल्याने पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या गॅलरीत छत असूनही झड आत येते. जागा निवडण्याची मुभा असेल, तर लाकडी वस्तू पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या बाजूला ठेवाव्यात.

वर्षभरात कोणते काम केव्हा करावे?

लोखंडाचे काम पावसाळ्याआधी आणि लाकडाचे काम पावसाळ्यानंतर, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. लोखंडाचा रंग जेथे उडाला असेल, तेथे मे महिन्याच्या मध्यापर्यंत गंज काढून रंग लावून घ्यावा, कारण जून उजाडल्यावर हवेतल्या ओलाव्यात रंग नीट धरत नाही. लाकूड मात्र पावसाळ्यात आतून ओले झालेले असते. ते दसऱ्यापर्यंत सावलीत वाळू द्यावे आणि ऑक्टोबरचे ऊन खाऊन झाल्यावर, दिवाळीच्या आसपास किंवा थंडीत, घासून तेल द्यावे. वर कोरडे दिसणाऱ्या पण आत ओल्या असलेल्या लाकडावर तेल किंवा वॉर्निश चढवणे म्हणजे ओल आत कोंडून ठेवणे होय. अशा घाईने बिघडलेली कामे आम्ही दरवर्षी पाहतो.

पावसाळ्यात उघडीप मिळाली, की बाके आणि खुर्च्या भिंतीपासून हातभर पुढे ओढून वारा लागू द्यावा. श्रावणातल्या ऊन-पावसात हे काम आठवड्यातून एकदा केले, तरी बुरशी बसत नाही.

बाहेर ठेवण्यासाठी कोणते लाकूड चांगले?

साग सर्वांत भरवशाचा. त्याच्या गाभ्यातील नैसर्गिक तेलांमुळे पाणी, वाळवी आणि बुरशी यांना तो चांगला तोंड देतो. मात्र हा गुण गाभ्याच्या तपकिरी लाकडाचा आहे; सालीलगतच्या पांढरट भागाला तो अजिबात नाही. लाकूडबाजारात स्वस्त म्हणून मिळणाऱ्या सागात हा पांढरा भाग बराच असतो आणि पॉलिश चढल्यावर तो ओळखू येत नाही. म्हणून बाक बनवून घेताना फळ्या पॉलिश करण्यापूर्वी स्वतः पाहाव्यात.

जांभूळ पाण्यात चांगले टिकते, म्हणूनच पूर्वी ते विहिरीच्या कामात वापरत असत. पण वाळताना ते पिळते, त्यामुळे त्याच्या फळ्या पूर्ण वाळलेल्याच घ्याव्यात. बाभूळ कठीण आणि चिवट आहे, अवजारांसाठी ती वापरतात ती त्यासाठीच. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि दिसायला देखणे असले, तरी त्याला कीड लवकर लागते आणि ते पावसात टिकत नाही. बाहेरच्या कामासाठी आंबा घेऊ नये, असेच आम्ही सांगतो. साधे प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून बनवलेली फळी) यांचा येथे विचारही करू नये.

सागवानी बाक राखाडी पडले आहे. ते खराब झाले का?

नाही. उन्हातील अतिनील किरणांमुळे लाकडाच्या पृष्ठभागावरील लिग्निन नावाचा घटक तुटतो, पावसाने तो धुऊन जातो आणि मागे राखाडी थर उरतो. हा थर अगदी पातळ असतो आणि खालचे लाकूड शाबूत असते. ज्यांना हा रंग आवडतो, त्यांनी वर्षातून दोनदा साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने बाक धुतले तरी पुरे.

मूळ सोनेरी रंग परत हवा असेल, तर आधी १२० आणि नंतर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासावे. गाडी धुण्याच्या यंत्राचा जोराचा फवारा लाकडावर कधीही मारू नये. त्याने मऊ भाग उडून जातो, कठीण रेषा वर राहतात आणि पृष्ठभाग कायमचा खरखरीत होतो. शिवाय त्या खाचांत पाणी साठू लागते.

तेल लावावे, वॉर्निश लावावे की पॉलिश करावे?

या प्रश्नावर सर्वाधिक पैसे वाया जातात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

घरातल्या फर्निचरवर आपल्याकडे लाखेचे पॉलिश किंवा मेलामाइन चढवण्याची रीत आहे. ही दोन्ही लेपने घरातच शोभतात. लाखेचे पॉलिश पाण्याने पांढरे पडते. मेलामाइनचा थर कडक असतो. बाहेर लाकूड ऊन-पावसात फुगते आणि आकसते, तेव्हा हा थर त्याच्याबरोबर हलू शकत नाही, तो तडकतो, तडकलेल्या जागेतून पाणी आत जाते आणि खालचे लाकूड काळे पडू लागते. सुताराने नेहमीच्या सवयीने बाहेरच्या झोपाळ्यावर मेलामाइन मारले आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याचे पापुद्रे निघाले, अशी तक्रार आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक वर्षी येते.

बाहेरच्या वापराचे म्हणून मुद्दाम बनवलेले पॉलियुरेथेन, म्हणजेच पीयू लेपन, चांगले टिकते. त्याच्या डब्यावर ते बाहेरच्या वापरासाठी आहे, असे स्पष्ट लिहिलेले असते. ते वाचूनच घ्यावे. त्याची अडचण एवढीच, की दोन-तीन वर्षांनी ते कोठेतरी उचलले गेले, की डागडुजी करता येत नाही. सगळा थर घासून काढून पुन्हा सुरुवात करावी लागते.

छत नसलेल्या जागी आम्ही स्वतः तेलाची बाजू घेतो. तेल लाकडात मुरते, वर थर धरत नाही, त्यामुळे पोपडे निघण्याचा प्रश्नच येत नाही. दरवर्षी एकदा घासून पुन्हा लावणे हे काम घरच्या घरी अर्ध्या दिवसात होते. जवसाचे तेल घेणार असाल, तर कच्चे घेऊ नये, डबल बॉइल घ्यावे, कारण कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस घेते आणि तोवर त्यावर धूळ बसते. जवसाचे तेल पातळ हाताने लावून पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले सगळे पुसून घ्यावे. राहू दिल्यास ते चिकट होते आणि पावसाळ्यात त्याच चिकट थरावर काळी बुरशी वाढते. बुरशीरोधक घातलेली तयार लाकूडतेले मिळतात, ती ओलसर भागासाठी अधिक योग्य आहेत.

तेल पुसलेल्या चिंध्यांबद्दल काही काळजी घ्यायची असते का?

होय, आणि ती अत्यंत गांभीर्याने घ्यावी. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता त्या पेट घेऊ शकतात. चिंध्या एकेक करून मोकळ्या जागी दोरीवर पसराव्यात आणि कडक वाळल्यावरच टाकाव्यात, किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

बाकाचा वरचा भाग चांगला आहे, पण पाय खालून कुजतात. असे का होते?

झाडाच्या खोडात पाणी मुळांकडून वर चढते ते उभ्या नलिकांतून, आणि लाकूड कापले तरी त्या नलिका तशाच राहतात. पायाचा तळ म्हणजे या सगळ्या नलिकांची उघडी तोंडे होत. फळीच्या सपाट बाजूने जेवढे पाणी शिरते, त्याच्या अनेक पटींनी ते या टोकांतून शिरते. त्यात पाय ओल्या फरशीवर किंवा मातीवर टेकलेले असले, म्हणजे पावसाळाभर ते पाणी पीत राहतात आणि वर कितीही चांगले लेपन असले तरी कूज खालून वर चढते.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो नवीन वस्तू घेतल्या दिवशीच करावा. बाक उलटे करून पायांचे तळ पूर्ण कोरडे होऊ द्यावेत, त्यांवर तेल किंवा पातळ केलेले पीयू, जिरत राहील तोवर पुन्हा पुन्हा लावावे आणि वाळल्यावर खाली जाड रबराचे किंवा नायलॉनचे तुकडे ठोकावेत, म्हणजे तळ जमिनीपासून अर्धा-पाऊण सेंटिमीटर उचललेला राहील. रबराची टोपी संपूर्ण पायावर चढवू नये. तिच्यात पाणी साठते आणि मग जमिनीपेक्षा ती टोपीच अधिक नुकसान करते. मातीवर बाक ठेवायचेच असेल, तर प्रत्येक पायाखाली एक सपाट दगड ठेवावा. वाळवीची वाट मातीतूनच येत असल्याने तिलाही याने आळा बसतो, शिवाय दगडावर वाळवीची मातीची नळी चढू लागली तर ती लगेच नजरेला येते.

पाय कुजून गेलेच असतील, तर कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून नवा तुकडा जोडता येतो. वर लांबी (पुट्टी) भरून रंग देणे हा उपाय नाही.

खिळ्यांभोवती काळे डाग पडले आहेत. ते जातील का?

लाकडातील टॅनिन नावाचा घटक आणि लोखंड पाण्यात एकत्र आले, की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई याच तत्त्वावर बनवत. डाग घालवण्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल विरघळवून ब्रशने लावावे, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घालावा, मुले आणि जनावरे दूर ठेवावीत, आणि लाकूड वाळल्यावर घासायचे असेल तर नाकावर मास्क लावावा. पण मूळ खिळा तसाच राहिला, तर पुढच्या पावसात डाग पुन्हा येईल. लोखंडी खिळे आणि स्क्रू काढून त्या जागी ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी स्क्रू घालावेत.

लोखंडी झोपाळ्याला दरवर्षी रंग देतो, तरी गंज येतोच. चूक कोठे होते?

चूक बहुधा दोन ठिकाणी असते, गंजावरच रंग दिला जातो आणि पाइपच्या आत कोणी पाहत नाही.

गंज सच्छिद्र असतो आणि मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्याच्यावर रंग चढवला, तर आतला ओलावा काम करत राहतो आणि थोड्याच दिवसांत रंगाचे फोड येतात. म्हणून तारेच्या ब्रशने, नंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, चकाकणारे लोखंड दिसेपर्यंत घासावे, थिनरच्या फडक्याने पुसावे आणि त्याच दिवशी प्रायमर लावावा. रात्रभर उघडे ठेवल्यास दवाने पुन्हा तांबूस थर येतो. रेड ऑक्साइडचा प्रायमर हा पाणी अडवणारा थर नाही, हे अनेकांना माहीत नसते. प्रायमर लावून वरचा रंग पुढच्या रविवारी म्हणून सोडून दिलेला झोपाळा मधल्या एका वळवात आतून गंजायला लागतो. प्रायमर वाळल्यावर एनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत. एक जाड हात वरून वाळतो आणि आत मऊच राहतो.

दुसरी गोष्ट पाइपच्या आतली. वेल्डिंगच्या बारीक छिद्रांतून किंवा उघड्या टोकांतून पाणी आत जाते, खालच्या वाकणात साठते आणि पाइप आतून खाऊन टाकते. बाहेरचा रंग शेवटच्या दिवसापर्यंत सुंदर असतो. पाइपच्या खालच्या भागावर लहान हातोडीने हलके ठोकून पाहावे. ठणठणीत आवाजाऐवजी बसका आवाज आला, तर तेथे पत्रा पातळ झाला आहे असे समजावे. नव्या झोपाळ्यात सर्वांत खालच्या जागी पाच-सहा मिलिमीटरचे एक छिद्र पाडून घ्यावे आणि ते दरवर्षी तारेने मोकळे करावे. हे छिद्र पाडायला लोक कचरतात, पण आत शिरलेल्या पाण्याला दुसरी वाट नसते.

जुना रंग खरवडताना आणखी एक काळजी घ्यावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये. पाणी मारून ओल्या पेपरने घासावा, पडलेला चुरा गोळा करावा आणि लहान मुलांना त्या दिवशी अंगणात खेळू देऊ नये.

पावडर कोटिंग केलेल्या खुर्च्यांना गंज येणार नाही, असे विकताना सांगितले होते. मग तो का आला?

पावडर कोटिंग म्हणजे कोरडी पूड विद्युतभाराने धातूवर बसवून भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळवलेला थर. तो सलग असेपर्यंत उत्तम संरक्षण देतो. फरशीवर ओढताना पायाला ओरखडा पडला किंवा एखादा स्क्रू कसताना टवका उडाला, की पाणी तेथून थराखाली शिरते आणि गंज आतल्या आत पसरतो. टवका दिसताच तेवढी जागा घासून प्रायमर आणि रंग लावावा. संपूर्ण थर उचलला गेला असेल, तर तो काढून पुन्हा कोटिंग करून घ्यावे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर या भागांत अशी कामे होतात. काम देताना, कोटिंगपूर्वी गंज आणि तेलकटपणा काढण्याची प्रक्रिया करणार का, हे आवर्जून विचारावे. सगळा टिकाऊपणा त्या पूर्वतयारीवर अवलंबून असतो.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपच्या बाकावरचा रंग साल निघावी तसा निघतो. का?

जस्ताच्या गुळगुळीत थरावर साधा एनॅमल धरत नाही. आधी जस्तासाठीचा, त्या थराला घट्ट धरणारा एच (etch) प्रायमर लावावा लागतो. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून गेलेले असते, तेथे जस्तयुक्त रंग द्यावा. अशा पाइपवर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर श्वासात गेल्यास थंडी वाजून ताप येतो, म्हणून ते काम मोकळ्या हवेत आणि माहीतगाराकडूनच करून घ्यावे.

बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) जुन्या बाकांची निगा कशी ठेवावी?

कोल्हापूर हे ओतकामाचे गाव असल्याने बीडाचे पाय आणि वर लाकडी पट्ट्या असलेली बाके येथे अजून पुष्कळ घरांत आहेत, आणि ती जपण्याजोगी आहेत. बीड साध्या लोखंडापेक्षा सावकाश गंजते, पण ते ठिसूळ असते; पडले किंवा वर जड वस्तू आदळली, तर वाकत नाही, तडकते. तडकलेल्या बीडाचे वेल्डिंग नेहमीच्या पद्धतीने होत नाही, त्यासाठी भाग आधी तापवावा लागतो आणि निकेलची कांडी वापरावी लागते. अनेकदा मागून पोलादी पट्टी लावून बोल्टने आवळणे हाच शहाणा मार्ग ठरतो. पट्ट्या बदलताना लाकूड आणि बीड यांच्यामध्ये पातळ रबराची चकती ठेवावी.

प्लास्टिकच्या खुर्च्या किती वर्षे वापराव्यात?

वर्षे मोजण्यापेक्षा खुर्ची तपासावी. उन्हाने प्लास्टिकमधील रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि ते ठिसूळ होते. हात फिरवल्यावर बोटांना पांढरी पूड लागली, पाय आणि बैठक जुळतात तेथे पांढऱ्या रेघा दिसल्या किंवा पाठ दाबल्यावर कुरकुर ऐकू आली, तर ती खुर्ची बसण्यासाठी वापरू नये. अशा खुर्चीचा पाय अचानक मोडतो आणि ज्येष्ठांना गंभीर दुखापत होऊ शकते. तिची दुरुस्ती होत नाही. कुंडी ठेवायला ती चालेल, पाहुण्यांना बसायला देऊ नये.

वेत, बांबू आणि कृत्रिम वेत यांत फरक काय?

खरा वेत पावसात ठेवू नये. तो भिजून सैल पडतो आणि त्यावर बुरशी येते. ओसरीवर, झडीपासून दूर, तो वर्षानुवर्षे छान राहतो. बांबूमध्ये पिठूळ अंश असल्याने भुंगा लागतो. त्यावर बोरॅक्स आणि बोरिक आम्लाची प्रक्रिया करतात. पण हे क्षार पाण्यात विरघळणारे असल्याने उघड्या पावसात हळूहळू धुऊन जातात. प्रक्रिया केलेला बांबूही छताखालीच ठेवावा किंवा त्यावर तेलाचा अथवा पीयूचा थर द्यावा.

कृत्रिम वेत म्हणजे पॉलिथिनच्या पट्ट्या. पट्ट्या पावसाने बिघडत नाहीत, बिघडतो तो आतला सांगाडा. खुर्ची उचलून पाहावी आणि लोहचुंबक लावावे. सांगाडा लोखंडी असेल, तर विणीच्या आत साठलेल्या पाण्याने तो गंजतो आणि वीण असल्यामुळे रंगही देता येत नाही. ॲल्युमिनियमचा सांगाडा महाग पडतो, परंतु आपल्या पावसाला तोच योग्य आहे.

झोपाळ्याच्या कड्यांची तपासणी कशी करावी?

दर सहा महिन्यांनी झोपाळा खाली उतरवून प्रत्येक कडी पाहावी, विशेषतः कडीला कडी जेथे घासते ती आतली बाजू आणि छताचा हूक. तेथेच झीज होते आणि लोंबकळत्या स्थितीत ती दिसत नाही. मूळ जाडीच्या सुमारे दहाव्या भागाइतकी झीज झाली असेल, तर कडी बदलावी. पितळी कड्या सुंदर दिसतात, पण पितळ मऊ असल्याने लवकर झिजते. घासण्याच्या जागी ग्रीस लावावे; खाद्यतेल लावू नये, ते चिकट होऊन धूळ धरते. छताचा हूक स्लॅबमधील सळईला बांधलेला आहे की नंतर छिद्र पाडून बसवलेला आहे, हे माहीत नसेल, तर मुले एकत्र बसून झोके घेण्याआधी तो जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा.

शहाबादी फरशीच्या आणि सिमेंटच्या बाकांवरचे शेवाळ कसे काढावे?

शेवाळ ओले असताना ताठ ब्रशने आणि पाण्याने घासावे. बरेचसे तेवढ्यानेच निघते. उरलेल्यासाठी ब्लीचिंग पावडरचे सौम्य द्रावण लावून धुवावे. शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, म्हणून त्यांवर फरशी साफ करण्याचे आम्ल, लिंबू किंवा व्हिनेगर कधीही वापरू नये. दगडाची झिलई जाते आणि खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर शेवाळ अधिकच धरते. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरिन वायू निघतो. एकामागून एक वापरण्याचाही मोह टाळावा. सिमेंटच्या बाकाला भेग पडून आतली सळई दिसू लागली असेल, तर तिचा गंज काढून भेग लगेच बुजवावी.

पावसाळ्यात ताडपत्रीने झाकून ठेवले तर चालेल ना?

झाकण्यापेक्षा गुंडाळण्याची सवय घातक आहे. चारी बाजूंनी घट्ट बांधलेल्या प्लास्टिकखाली जमिनीची वाफ कोंडते, आतून थेंब धरतात आणि उघड्यावरच्या लाकडापेक्षा झाकलेले लाकूड आधी बुरसटते. ताडपत्री मधोमध काठीने उचलून उतार द्यावा, बाजू जमिनीपासून वीतभर मोकळ्या ठेवाव्यात आणि उघडीप मिळताच ती काढावी. ताडपत्रीच्या खोलगट घड्यांत साठलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात, म्हणून निदान आठवड्यातून एकदा ते पाणी ओतून टाकावे.

गाद्या आणि उशा?

जूनमध्ये घरात न्याव्यात. भिजल्याच, तर खोळ काढून फोम पिळल्याशिवाय हाताने दाबून पाणी काढावे आणि आडवा न ठेवता काठावर उभा करून वाऱ्यात वाळवावा.

हिवाळ्यात गच्चीवर काळी राख पडते. तिने फर्निचर खराब होते का?

गळीत हंगामात गुऱ्हाळांच्या चुलवणांतून आणि पेटवलेल्या पाचटातून उडालेली राख गावोगावी पडते. कोरडी असताना ती निरुपद्रवी असते. पहाटेच्या दवाने ओली झाली, की तिच्यातील क्षार लेपनावर डाग पाडतात. ओल्या फडक्याने पुसल्यास काजळी रेषांत भरते, म्हणून आधी मऊ ब्रशने किंवा पिसाऱ्याने झटकावी आणि मगच पाण्याने धुवावे. पक्ष्यांची विष्ठा मात्र भिजवून मऊ केल्याशिवाय घासू नये.

गच्चीवर जेवणावळ झाली आणि तांबडा रस्सा सांडला, तर तेलकट भाग लगेच साबणाने काढावा. मागे राहिलेल्या हळदीच्या पिवळ्या डागाची चिंता करू नये. हळदीचा रंग उन्हाने उडतो आणि चार-आठ दिवसांत तो डाग आपोआप फिका पडतो.

पुराच्या पाण्यात बुडालेले फर्निचर वाचवता येते का?

२०१९ च्या ऑगस्टमधील आणि २०२१ च्या जुलैमधील पुरानंतर हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक वेळा विचारला गेला. नदीकाठच्या भागातील घरांनी, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे जाऊ लागताच हलक्या वस्तू वरच्या मजल्यावर न्याव्यात आणि जड बाके झाडाला किंवा खांबाला बांधावीत. धोका पातळी ४३ फुटांची आहे, पण तोवर अंगणात काम करणे सुरक्षित राहत नाही.

पाणी ओसरल्यावर चिखल वाळण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवावा, सांध्यांतला आणि पाइपमधलाही. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते. हातमोजे आणि बूट घालावेत. घाईने उन्हात ठेवलेले सागवान पिळते आणि चिरते, म्हणून ते सावलीत, खाली विटा लावून, महिना-दीड महिना वाळू द्यावे. सांधे सुटले असतील, तर पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवावेत. लोखंड दोन-तीन दिवसांत घासून प्रायमर लावावा. फोम, प्लायवूड आणि एमडीएफ टाकून द्यावे; त्यांवर खर्च केलेला आम्ही पाहिला आहे, आणि तो वाया गेलेलाही.

जुने बाक दुरुस्त करावे की नवे घ्यावे?

स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पायांच्या तळाशी, सांध्यांपाशी आणि पट्ट्यांच्या टोकांना दाबून पाहावे. टोक सहज आत शिरले, तर तेवढा भाग कुजलेला आहे. कूज पायांपुरती किंवा एक-दोन पट्ट्यांपुरती असेल आणि लाकूड साग असेल, तर दुरुस्ती निश्चित करावी. जुन्या सागासारखा दाट सागाचा गाभा आज सहज मिळत नाही. मुख्य चौकटीच्या दोनपेक्षा अधिक सांध्यांत टोक शिरत असेल, तर बाक सोडवून घ्यावे आणि त्यातल्या शाबूत फळ्या राखून ठेवाव्यात. आमच्या दारातले लहान बाक अशाच तीन मोडक्या बाकांच्या फळ्यांतून केलेले आहे. त्याचे पाय दगडावर ठेवलेले आहेत आणि दर थंडीत त्याला तेल मिळते.